एमएस आणि व्हीलचेअर : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे आपण सगळे ज्याला एमएस म्हणतो तो आजार असलेल्या माणसाला व्हीलचेअर लागू लागली की घरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात : नातेवाइकांची कुजबुज आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या चकचकीत खुर्चीची चौकशी. त्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अपघातात मणक्याला इजा झालेल्या माणसाची स्थिती काही महिन्यांनी बऱ्यापैकी स्थिरावते. एमएसमध्ये तसे होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण खात असते, त्यामुळे संदेश कधी पोहोचतो, कधी अर्ध्या वाटेत अडतो. सकाळी पलंगाला धरून चार पावले टाकणाऱ्या माणसाला दुपारी उन्हातून आल्यावर चमचा उचलवत नाही, आणि या दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या असतात.

म्हणून खुर्ची, घर, कागदपत्रे आणि प्रवास या सगळ्यांची आखणी आपल्या वाईट दिवसाच्या मापाने करावी, असे मी या आजारासह व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती म्हणून ठामपणे सांगते. चांगल्या दिवशी सोय थोडी जास्त झाली म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. औषधोपचाराचे निर्णय अर्थातच तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडे राहतील. पुढचे टप्पे उरलेल्या संसारासाठी आहेत.

१. खुर्ची केव्हा घ्यावी ते ठरवा

पडण्याच्या आधी घ्यावी, हे याचे साधे उत्तर आहे. न्यूरॉलॉजिस्टच्या कागदावर ईडीएसएस नावाचा एक आकडा असतो. कुर्ट्झके या डॉक्टरांनी १९८३ मध्ये मांडलेली, एमएसमुळे आलेली अक्षमता मोजणारी ही ० ते १० अशी मोजपट्टी आहे. तिच्यावर ६ म्हणजे काठीच्या आधाराने साधारण १०० मीटर चालता येणे, ६.५ म्हणजे दोन्ही हातांत आधार घेऊन २० मीटर, आणि ७ म्हणजे ५ मीटरच्या पुढे चालता न येणे. बहुतेक लोक ७ येईपर्यंत थांबतात. माझ्या मते ६ आणि ६.५ च्या दरम्यानच खुर्ची घरात यावी, कारण या काळात माणूस चालू शकतो खरा, पण ऑफिसच्या दारापर्यंत पोहोचण्यातच त्याची दिवसभराची शक्ती संपून जाते.

"एकदा खुर्चीत बसलीस की पाय कायमचे जातील" हे वाक्य तुम्हाला ऐकावे लागेल. पाय जातात ते व्यायाम सोडल्याने आणि पडून हाड मोडल्यानंतर महिनोन्‌महिने अंथरुणात राहिल्याने. अंतर कापायला खुर्ची वापरावी आणि वाचलेली शक्ती फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली उभे राहण्याच्या व्यायामात घालावी.

२. माप दिल्याशिवाय खुर्ची विकत घेऊ नका

दुकानात सहज मिळणारी घडीची लोखंडी खुर्ची रुग्णालयातल्या आवारात रुग्णाला इकडून तिकडे नेण्यासाठी बनवलेली असते. तिची बैठक बहुधा १८ इंच रुंद असते, वजन १५ ते २० किलोच्या घरात जाते आणि बैठकीचे रेक्झिन काही महिन्यांत झोळीसारखे खाली लोंबते. त्या झोळीत कंबर एका बाजूला कलते, पाठीचा कणा वाकतो आणि ताठर स्नायू आणखी ताठरतात. रोज आठ-दहा तास बसणाऱ्या माणसाने ती घेऊ नये.

माप घेण्यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टची मदत घ्यावी. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था ही १९५५ पासून याच क्षेत्रात काम करणारी सरकारी संस्था आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ मध्ये स्थापन झाली. तिच्या मुंबई आणि पुणे शाखांमधून अनुभवी माणसांचा सल्ला मिळतो. माप घेताना पुढील बाबी स्वतःही तपासून पाहाव्यात.

बैठकीची रुंदी : मांड्यांच्या दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर जागा उरावी. "थोडी मोठी घ्या, पुढे वजन वाढेल" हा दुकानदाराचा सल्ला ऐकू नये, कारण रुंद खुर्चीत अंग कलते, चाकांपर्यंत हात पोहोचत नाहीत आणि ती दारांतून जात नाही.

बैठकीची खोली : पाठ टेकवून बसल्यावर गुडघ्याची लवण आणि बैठकीची कड यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे.

पायटेकण्याची उंची : मांडी बैठकीला पूर्ण टेकावी आणि पायटेकणे जमिनीपासून निदान ५ सेंटिमीटर वर राहावे. टाचेमागे पट्टा घ्यावा, कारण एमएसमध्ये पाय अचानक आकसून मागे जातो आणि चाकाजवळ अडकतो.

पाठीची उंची : स्वतः चाके फिरवणाऱ्याला खांद्याच्या पात्याखाली संपणारी पाठ सोयीची पडते, परंतु संध्याकाळी धड सावरत नसेल तर ती उंचच घ्यावी. मापासाठी शक्यतो संध्याकाळची, थकलेली वेळ मागून घ्या. सकाळी दहा वाजता तुम्ही ताठ बसता आणि सगळी मापे खोटी ठरतात.

हात किती साथ देतात, हा एमएसमधला खरा प्रश्न आहे. दंडात ताकद असली तरी ती पंधरा मिनिटांत ओसरत असेल, तर बॅटरीवर चालणारी खुर्ची किंवा साध्या खुर्चीला जोडायची मोटर यांचा विचार आधीच करावा. मात्र बॅटरीची खुर्ची जड असते, साध्या घडीच्या खुर्चीसारखी मोटारीत टाकता येत नाही आणि दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर खालीच अडकून पडते. ज्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न मर्यादित आहे त्यांना केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून साधने मिळू शकतात. ती बहुतेक वेळा कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीची असतात. या योजनेच्या शिबिरात मिळणारी खुर्ची मापाची नसेल तर तसे तिथेच सांगावे.

उशीचा खर्च खुर्चीत धरूनच चालावा. फोम, जेल आणि हवेच्या कप्प्यांची असे तिचे प्रकार आहेत. ज्यांना बसल्या जागेची संवेदना कमी आहे त्यांच्यासाठी हवेच्या कप्प्यांची उशी चांगली, पण तिच्यातली हवा नियमित पाहावी लागते : उशीवर बसून खालून हात सरकवला असता बसण्याचे हाड आणि तळ यांच्यात साधारण बोटाच्या जाडीइतके अंतर लागले पाहिजे. औषधांच्या दुकानातली मधे भोक असलेली रबरी रिंग मात्र कोणी भेट दिली तरी वापरू नका. तिच्या कडेवर दाब एकवटतो आणि ज्या जखमेसाठी ती आणली तीच वाढते.

३. घराची तीन ठिकाणे आधी दुरुस्त करा

सगळे घर एकदम फोडायला काढू नये. उंबरठा, न्हाणीघर आणि पलंग एवढे जमले की दिवस सुरळीत जातो.

उताराचे गणित १ : १२ असे आहे, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला किमान १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. गवंडी सवयीने स्कूटर चढवायचा उतार करून देतो, जो याच्या निम्म्या लांबीचा असतो. त्यावर खुर्ची मागे उलटते. त्याच्या हातात टेप द्या आणि लांबी जमिनीवर खडूने आखून घ्या. उंबरठा काढायला घरातल्या वडीलधाऱ्यांची हरकत असेल, तर दोन्ही बाजूंना लाकडी पाचर बसवावी. उंबरठा राहतो, हळदीकुंकूही राहते आणि चाक जाते. सोसायटीच्या जिन्यापाशी उतार हवा असेल तर अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी मागणी सर्वसाधारण सभेच्या गोंगाटात विरून जाते. दाद मिळाली नाही तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते.

दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर आणि खुर्ची पूर्ण वळवायला १५० सेंटिमीटर व्यासाची जागा हे सरकारी मार्गदर्शक सूचनांतले माप आहे. जुन्या सदनिकांत न्हाणीघराचे दार त्याहून खूपच अरुंद असते आणि शिवाय आत उघडते. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते करून घेतले, तर माणूस आत पडला असतानाही दार अडत नाही. भिंत फोडता येत नसेल तर लहान चाकांची, मधे भोक असलेली कमोड-खुर्ची घ्यावी. ती अरुंद दारातून जाते, कमोडवर बसते आणि तीवरच अंघोळही उरकते. आधाराचे दांडे बसवताना ते भिंतीत पक्क्या बोल्टांनी बसवून घ्यावेत. टाइलला चिकटणारे रबरी चूषक दांडे ऐन वेळी सुटतात.

पलंगाची उंची गादीसकट खुर्चीच्या बैठकीइतकी असावी. खालून बंद असलेले साठवणीचे दिवाण आपल्याकडे घरोघर आहेत, पण त्यांच्याखाली खुर्चीचे पायटेकणे जात नाही आणि पुढे उचलण्याचे यंत्र लागले तर त्याचे पायही जात नाहीत. पलंगावरून खुर्चीत सरकण्यासाठी गुळगुळीत पॉलिश केलेली, कडा घासलेली फळी कोणताही सुतार करून देतो. सरकण्यापूर्वी दोन्ही ब्रेक लावावेत, जवळचा हाताचा टेकू काढावा, मगच वजन टाकावे. मदत करणाऱ्याला काखेत हात घालून उचलू देऊ नका. कमजोर खांदा त्याने निखळतो. कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरायला शिकवा.

४. त्वचा, लघवी आणि ताठरपणा यांचा रोजचा हिशेब ठेवा

बसून राहणाऱ्याच्या त्वचेवर दाबाची जखम तासांत होते आणि भरायला महिने घेते. दर १५ ते ३० मिनिटांनी दाब हलका करावा. हातांवर अंग उचलण्याची पद्धत एमएसमध्ये दमवणारी ठरते, त्याऐवजी टेबलावर पुढे वाकून किंवा एकेका बाजूला झुकून मिनिट-दोन मिनिटे थांबावे. रात्री माकडहाड, बसण्याची हाडे आणि टाचा आरशाने पाहाव्यात. लालसर डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल, तर त्या जागेवर बसणे ताबडतोब बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

लघवीची घाई होते म्हणून पाणी कमी पिणे हा सगळ्यांत मोठा सापळा आहे. त्याने लघवी दाट होते, संसर्ग होतो आणि बद्धकोष्ठताही वाढते. घाई होणे आणि मूत्राशय पूर्ण रिकामे न होणे हे दोन्ही एकाच वेळी असू शकते, म्हणून घाईची गोळी सुरू करण्याआधी लघवी करून आल्यावर सोनोग्राफीने आत किती शिल्लक राहते ते मोजून घ्यावे. ती १०० मिलीलीटरच्या पुढे राहत असेल, तर डॉक्टर दिवसातून ठरावीक वेळा स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामे करायला शिकवतात. ऐकायला अवघड वाटते, पण त्यामुळे सिनेमाला जाता येते आणि रात्रीची झोप मिळते.

अचानक पाय जास्त ताठरले किंवा हात जड झाले, तर लगेच "पुन्हा अटॅक आला" असे समजून स्टेरॉइडसाठी धाव घेऊ नये. आधी ताप, लघवीचा संसर्ग, एखादी लपलेली जखम आणि बोटात रुतलेले नख यांपैकी काही आहे का ते पाहावे. लघवीची तपासणी आधी, स्टेरॉइड नंतर, हा क्रम डॉक्टरांकडे आग्रहाने मागावा.

ताठरपणा सगळाच वाईट नसतो. पलंगावरून उतरताना ताठ पायच क्षणभर वजन पेलतो. ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेन या गोळीचा डोस जास्त झाला तर तोच पाय लुळा पडून माणूस खाली घसरतो. म्हणून डोस ठरवताना दुखणे किती आहे याबरोबरच खुर्चीत सरकता येते की नाही हेही डॉक्टरांना सांगा. बॅक्लोफेन एकाएकी बंद केल्यास झटके आणि भास होऊ शकतात, त्यामुळे गावी जाताना गोळ्यांची पाकिटे दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत.

५. मार्च संपण्याआधी उन्हाळ्याची तयारी करा

शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी मायलिन नसलेल्या तंतूंतून संदेश जाणे मंदावते. एमआरआय नव्हता त्या काळी रुग्णाला गरम पाण्यात बसवून, लक्षणे वाढतात का ते पाहून एमएसचे निदान केले जात असे. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात मे महिना हीच चाचणी फुकट करून देतो. ही कमजोरी थंडावा मिळाल्यावर ओसरते, तिने नवी इजा होत नाही, हे घरच्यांना आधीच समजावून ठेवावे.

अंघोळ कोमट पाण्याने करावी. पायांना उष्णता कळत नसेल तर बादलीतले पाणी दुसऱ्याने पाहावे, आणि शेकायची रबरी पिशवी अशा पायांना कधीही लावू नये. बाहेरची कामे सकाळी दहाच्या आत उरकावीत, मानेभोवती ओला पंचा ठेवावा आणि बँक किंवा दवाखान्याची वेळ दुपारची देत असतील तर स्पष्ट नाही म्हणावे.

६. दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र काढा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव स्वतंत्रपणे आहे. "हा आजार आमच्या यादीत नाही" असे खिडकीवर कोणी सांगितले तर परत फिरू नका. दीर्घकालीन चेतासंस्थेच्या आजारांच्या शीर्षकाखाली तो आहे, हे दाखवणारी अनुसूचीची प्रत जवळ ठेवा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरावा लागतो आणि तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. सोबत नेण्याची कागदपत्रे अशी :

– आधारकार्ड आणि पत्त्याचा पुरावा
– अलीकडचे छायाचित्र, तसेच सही करता येत नसेल तर अंगठ्याचा ठसा
– मेंदू आणि मणक्याच्या एमआरआयचे अहवाल, जुने आणि नवे दोन्ही
– न्यूरॉलॉजिस्टचे पत्र : निदानाचे वर्ष, आजाराचा प्रकार, ईडीएसएस, हातांची व मूत्राशयाची स्थिती
– रुग्णालयातील डिस्चार्ज कार्डे, तारखेनुसार लावलेली
– या सगळ्यांच्या झेरॉक्सचे दोन संच

तपासणी दहा मिनिटांची असते आणि ती चांगल्या दिवशी पडली तर दिव्यांगत्वाची टक्केवारी कमी लागते. त्यामुळे पत्रात "दिवसागणिक बदलणारी क्षमता" आणि थकव्याचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. ईडीएसएसचा आकडा म्हणजे टक्केवारी नव्हे. ६ आहे म्हणून ६० टक्के मिळतील असा हिशेब करू नका. आजार बदलता असल्याने दाखला काही वर्षांसाठीच मिळू शकतो, त्याची मुदत संपण्याच्या निदान तीन महिने आधी नूतनीकरणाला लागावे. बहुतेक लाभांसाठी ४० टक्क्यांची अट आहे. यूडीआयडी कार्डाचा रंग पिवळा असेल तर ४० ते ८० आणि निळा असेल तर ८० टक्के किंवा जास्त.

७. लाभ आणि नोकरी

आयकराच्या जुन्या पद्धतीत ४० टक्क्यांना ७५,००० आणि ८० टक्के किंवा जास्त असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट आहे. नवी पद्धत निवडलीत तर ती मिळत नाही. एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, अर्थात त्या पायऱ्या चढणार कोण हा प्रश्न सवलतीच्या परिपत्रकात नसतो. अल्प उत्पन्न असलेल्यांनी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करावी.

सरकारी नोकरीत असाल तर एवढे पक्के लक्षात ठेवा : २०१६ च्या अधिनियमाच्या कलम २० नुसार नोकरीदरम्यान दिव्यांगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. "तब्येत बघता स्वेच्छानिवृत्ती घ्या" असा प्रेमळ सल्ला वरिष्ठांकडून आला, तर कुठेही सही न करता लेखी अर्जाने बदललेले काम मागावे. खाजगी कंपनीत हे संरक्षण इतके थेट नाही, पण समान संधीचे धोरण जाहीर करणे तिलाही बंधनकारक आहे. मनुष्यबळ विभागाकडे त्याची प्रत मागता येते.

८. प्रवासाला निघण्यापूर्वी

शहरात टॅक्सी बोलावताना गाडी सीएनजीवर चालणारी आहे का ते चालकाला फोन करून विचारा, कारण डिकीतली टाकी अर्धी जागा व्यापते आणि घडी केलेली खुर्चीही आत मावत नाही. मागची चाके कळ दाबून निघणारी असतील तर सांगाडा सीटवर आणि चाके पायाशी ठेवता येतात. मेट्रोत लिफ्ट आणि फलाटाशी समपातळीत येणारा डबा असल्यामुळे ती वापरणे मला सर्वांत सोपे वाटते. रेल्वेत सवलतीसाठी रेल्वेचे वेगळे ओळखपत्र काढावे लागते. मदतनीसाशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात ७५ टक्के सवलत असून सोबत्यालाही ती मिळते.

विमानासाठी कंपनीला किमान ४८ तास आधी कळवावे आणि मदतीचा सांकेतिक प्रकार अचूक सांगावा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात, डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या येत नाहीत पण आत चालता येते, आणि डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट आसनापर्यंत न्यावे लागते. ज्यांना "थोडेसे चालता येते" त्यांनीही लांबच्या प्रवासात शेवटचाच प्रकार मागावा. बॅटरीची खुर्ची असेल तर बॅटरीचा प्रकार आणि क्षमता लेखी कळवावी लागते. हातातल्या पिशवीत एवढे असू द्या : दोन दिवसांची औषधे, उशीच्या हवेचा पंप, कॅथेटर (लघवीची नळी), कपड्यांचा एक जोड, षट्कोनी चाव्यांचा संच आणि ओला पंचा. उशी आणि निघू शकणारी पायटेकणी सामानात न देता स्वतःजवळ ठेवा. खुर्ची ताब्यात देण्यापूर्वी चारही बाजूंनी तिची छायाचित्रे काढा; परत मिळाल्यावर चाके फिरवून, ब्रेक लावून पाहा आणि काही मोडले असेल तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या.